जमिनीच्या भरवशावरचा शेअर

स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील एखाद्या छोट्या सूचीबद्ध कंपनीचा शेअर विकत घेणारा सामान्य गुंतवणूकदार आपण थोडीशी जमीनच विकत घेतली आहे अशा समजुतीत वावरत असतो, आणि उपदलालाच्या कार्यालयात दीर्घकाळ काम केलेल्या माणसाला त्या समजुतीची ताकद जितकी जवळून दिसते तितकी ती ताळेबंद वाचणाऱ्या विश्लेषकाला क्वचितच दिसते. उपदलाल म्हणजे बाजाराच्या सभासद दलालाच्या वतीने ठाणे, डोंबिवली, गिरगाव, पुणे किंवा एखाद्या जिल्ह्याच्या गावी ग्राहकांच्या मागण्या नोंदवणारा, त्यांची बिले आणि डिमॅट खात्याच्या चिठ्ठ्या सांभाळणारा मध्यस्थ. सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाने, ही वर्गवारी २०१९ मध्ये बंद करून त्या जागी ‘अधिकृत व्यक्ती’ अशी नोंद आणली, तरी कामाचे स्वरूप फारसे बदलले नाही. प्रस्तुत विवेचनामागे अशा कार्यालयांतील कामाचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवातून उभे राहणारे चित्र लोभाच्या प्रचलित चित्राहून बरेच निराळे आहे: येथे येणारा माणूस आळशी नव्हता आणि बेफिकीरही नव्हता, तो चौकशी करत होता, प्रवास करत होता, हिशेब मांडत होता, परंतु त्याचे सारे परिश्रम जमिनीवर खर्च होत होते आणि त्या जमिनीवर त्याच्या आधी कोणाकोणाचे हक्क आहेत, व ती जमीन पैशात उतरायला किती काळ लागेल, या दोन गोष्टी पाहायच्या राहून जात होत्या.

‘छोटी मालमत्ता कंपनी’ या शब्दप्रयोगाखाली प्रत्यक्षात बऱ्याच भिन्न गोष्टी येतात. एखाद्या शहरात दोन-तीन गृहसंकुले उभी केलेला विकसक प्राथमिक भागविक्री करून बाजारात येतो, हा त्यातला सर्वांत सरळ प्रकार. दुसरा प्रकार जुन्या कारखान्याचा: उत्पादन थांबलेले, कामगार गेलेले, पण शहराच्या मधोमध जमीन शिल्लक असलेली कंपनी. तिसरा प्रकार सर्वांत निसरडा, कारण त्यात पूर्वी कापड, रसायन वा वित्तपुरवठा करणारी आणि आता जवळजवळ निष्क्रिय झालेली कंपनी आपले नाव बदलून त्यात ‘रिअ‍ॅल्टी’ किंवा ‘डेव्हलपर्स’ असा शब्द जोडते. या प्रकाराला आळा घालण्यासाठी, नव्या नावातून सूचित होणाऱ्या व्यवसायातून मागील एका वर्षाच्या एकूण उत्पन्नापैकी किमान ५० टक्के उत्पन्न आलेले असले पाहिजे किंवा कंपनीच्या मालमत्तेच्या किमान ५० टक्के गुंतवणूक त्या व्यवसायात झालेली असली पाहिजे, असा नियम सूचीबद्ध कंपन्यांसाठी आहे; तो नियम माहीत असलेला ग्राहक मात्र कार्यालयात विरळाच भेटत असे.

जमिनीच्या नावावर शेअरांचा सट्टा मुंबईला नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीच्या काळात, १८६४-६५ मध्ये, समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे शेअर भरणा झालेल्या रकमेच्या अनेक पटींनी विकले गेले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती इमारत कोसळली. परंतु आजच्या मराठी गुंतवणूकदाराच्या मनातील हिशेबाची मुळे त्याहून जवळच्या इतिहासात, गिरणगावात आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक करून थंडावलेल्या गिरण्यांच्या ताब्यात लालबाग, परळ, लोअर परळ या भागांत सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि ताळेबंदात ती जमीन कित्येक दशकांपूर्वीच्या खरेदीभावाने लिहिलेली असल्यामुळे कंपनीचे पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता भागधारकांच्या वाट्याला येणारी नोंदलेली रक्कम, वास्तव मूल्याच्या जवळपासही नव्हते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल होऊन वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली, त्यामुळे मालकाच्या हाती राहणारा भाग फार मोठा झाला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवल्यावर बाजारातील शंका संपली.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या, आणि त्यांतील मुंबई टेक्स्टाइल मिलच्या १७ एकरांहून थोड्या अधिक जमिनीला डीएलएफ या कंपनीकडून ७०२ कोटी रुपये आले. एकरी सुमारे ४० कोटी रुपये हा आकडा त्यानंतर उपनगरांतील दलाली कार्यालयांत एखाद्या मोजपट्टीसारखा वापरला जाऊ लागला. बंद गिरणी असो, भांडुपचा जुना कारखाना असो की पुण्याच्या बाहेरची शेतजमीन असो, ग्राहक कंपनीच्या वार्षिक अहवालातून एकरांचा आकडा शोधून काढी, त्याला परिसरातील ऐकीव भावाने गुणी, आलेल्या रकमेला एकूण शेअरसंख्येने भागी आणि बाजारभाव त्या उत्तराच्या एक-पंचमांश असल्याचे पाहून खरेदीची मागणी नोंदवी. हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर सुबक अक्षरात मांडलेला असे, आणि तो मांडणारा बहुधा बँकेतून, रेल्वेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला, आकड्यांशी आयुष्यभर प्रामाणिक राहिलेला माणूस असे. अशा माणसांना जुगारी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

हिशेबात चूक गुणाकाराची नव्हती, गृहीतकांची होती. अहवालातील एकर कंपनीच्या मालकीचे आहेत की केवळ विकास करारनाम्याने, म्हणजे जमीनमालकाला वाटा देण्याच्या अटीवर बांधकामाचा हक्क मिळवून, हाताशी आले आहेत, हे पहिले पाहायचे असते. जमीन भाडेपट्ट्याची आहे का, तिच्यावर जुने भाडेकरू किंवा झोपड्या आहेत का, शेतजमीन असल्यास ती बिनशेती झाली आहे का, फेरफारावर कोणाची हरकत आहे का, तिला किती चटईक्षेत्र निर्देशांक लागू होतो, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, हे सारे त्यानंतरचे प्रश्न. आणि या सर्वांची उत्तरे अनुकूल निघाली तरी काळाचा प्रश्न उरतोच, कारण दहा वर्षांनी हाती येणाऱ्या १०० कोटी रुपयांचे आजचे मूल्य वार्षिक १५ टक्के दराने मागे मोजल्यास २५ कोटींच्याही आत येते. बाजार त्या कंपनीला एक-पंचमांश भाव देत होता तेव्हा तो नेहमीच आंधळा नव्हता. पुष्कळदा तो केवळ वाट पाहण्याची किंमत वजा करत होता. वहीतल्या हिशेबात मात्र जमीन आजच विकली जाणार होती. ज्यांच्या घरात सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी दोन पिढ्या कचेरीत खेटे घातले गेले होते, अशा माणसांनीही कंपनीच्या जमिनीबाबत हा उशीर गृहीत धरू नये, हे या कामातील सर्वांत कोड्यात टाकणारे निरीक्षण आहे. बहुधा कंपनी म्हटल्यावर तिच्याकडे वकील, वास्तुविशारद आणि ओळखी असणार, तेव्हा सामान्य माणसाला लागणारा वेळ तिला लागणार नाही, असा विश्वास त्यामागे असावा.

रविवारी प्रकल्पाच्या जागेवर जाऊन येण्याची पद्धत या विश्वासातूनच आली. चार-पाच भागधारक मिळून लोकलने जात, कुंपणाच्या पत्र्याच्या फटीतून किती स्लॅब पडले ते मोजत, क्रेन फिरते आहे का ते पाहत, पहारेकऱ्याशी आणि चहाच्या टपरीवाल्याशी बोलत, आणि सोमवारी कार्यालय उघडताच काम जोरात असल्याची वार्ता इतरांना देत. ही माहिती खरी असे. ती पुरेशी नव्हती एवढेच, कारण पडणाऱ्या प्रत्येक स्लॅबमागे कोणाचा पैसा आहे हे पत्र्याच्या फटीतून दिसत नाही. बांधकाम कर्जाच्या पैशातून चालले असेल तर स्लॅबबरोबर व्याजही चढत असते, आणि ते फ्लॅटच्या आगाऊ रकमेतून चालले असेल तर त्या मजल्यांची विक्री आधीच, कदाचित जुन्या कमी भावाने, झालेली असते.

नफ्याच्या आकड्यानेही या वर्गाची दिशाभूल केली, आणि त्यात कायद्याबाहेरचे काही नव्हते. पूर्वी बहुतेक विकसक ‘काम पूर्ण झाल्याच्या टक्केवारीनुसार’ उत्पन्न नोंदवत, म्हणजे अंदाजित खर्चापैकी ४० टक्के खर्च झाला की विकलेल्या सदनिकांच्या किमतीपैकी ४० टक्के रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून दाखवली जाई, मग ग्राहकाने ती दिलेली असो वा नसो. एकूण खर्चाचा अंदाज व्यवस्थापनाचाच असल्यामुळे तो थोडा कमी धरला की टक्केवारी आणि तिच्यासोबत नफा वाढत असे. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकाने ताबा ग्राहकाकडे कधी जातो या कसोटीवर भर दिल्यामुळे बऱ्याच कंपन्यांचे उत्पन्न इमारत पूर्ण झाल्यावर एकदम दिसू लागले, परिणामी एका तिमाहीत भरघोस नफा आणि पुढच्या तीन तिमाहींत जवळजवळ काही नाही, असे चित्र निर्माण झाले. छोट्या कंपनीच्या हाती एकावेळी एक-दोनच इमारती असल्याने तिच्या बाबतीत हा चढउतार अधिकच तीव्र असतो. त्या एका तिमाहीच्या नफ्याला चाराने गुणून वार्षिक कमाई काढणारे ग्राहक कार्यालयात येत, आणि त्यांना रोख प्रवाहाचे विवरणपत्र, म्हणजे वर्षभरात प्रत्यक्ष किती पैसा आला व किती गेला याचा तक्ता, उघडून दाखवला की बहुतेकांना तो तक्ता अहवालात असतो हेच प्रथम कळत असे.

भाव कसा तयार होतो हे समजून घेतल्याशिवाय मात्र या सट्ट्याचा गाभा हाती लागत नाही. छोट्या मालमत्ता कंपनीत प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या कुटुंबाकडे, पुष्कळदा ७० टक्क्यांच्या आसपास शेअर असतात, कारण जनतेकडे किमान २५ टक्के हिस्सा असावा एवढेच बंधन आहे. जनतेच्या या हिश्श्यातलाही मोठा भाग वर्षानुवर्षे न हलणारा असतो, त्यामुळे रोजच्या व्यवहाराला उपलब्ध असलेला ‘माल’, हा बाजारातलाच शब्द, अत्यल्प राहतो. अशा शेअरला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची दैनिक मर्यादा असते. भाव त्या मर्यादेला भिडला की त्याला वरचे किंवा खालचे सर्किट लागले असे म्हणतात. मुंबई शेअर बाजाराच्या ‘टी’ गटात टाकलेल्या शेअरमध्ये त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकता येत नाही, प्रत्येक व्यवहारात शेअर ताब्यात घ्यावे वा द्यावे लागतात. ही व्यवस्था सट्टा रोखण्यासाठी असली तरी तिच्यामुळे उलाढाल आणखी आटते आणि थोड्या पैशात भाव हलवणे सोपे होते, हा तिचा दुसरा चेहरा अनुभवाने नाकारता येत नाही.

१०० रुपयांचा शेअर सलग २० सत्रे रोज ५ टक्क्यांनी वाढला तर सुमारे २६५ रुपयांवर पोहोचतो. या वाटेवर पडद्यावर फक्त खरेदीदारांची रांग दिसते, विक्रेता नसतो, आणि ‘माल सुटत नाही’ हे वाक्य कार्यालयात आदराने उच्चारले जाते. नंतर तोच शेअर सलग २० सत्रे रोज ५ टक्क्यांनी खाली आला तर तो ९५ रुपयांवर येतो, परंतु ही परतीची वाट आकड्यांत सारखी दिसत असली तरी व्यवहारात अगदी वेगळी असते, कारण आता रांग विक्रेत्यांची असते आणि सकाळी बाजार उघडण्याआधी मागणी टाकूनही विक्री होत नाही. २६५ रुपयांचा भाव ज्यांना खात्यावर दिसला होता त्यांपैकी फारच थोड्यांना तो हातात मिळवता आला असता. हे शेअर विकण्यासाठी रोज सकाळी कार्यालयात येऊन बसणाऱ्या वृद्ध ग्राहकाला काय सांगायचे, हा त्या कामातील सर्वांत कठीण भाग होता, आणि कोणत्याही प्रशिक्षणात त्याचे उत्तर दिलेले नाही.

पडत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी खाली आणण्याची सवय येथेच जडते. जमीन तर तिथेच आहे, ती कोठे पळून जात नाही, हा युक्तिवाद त्यासाठी हमखास पुढे येई. जानेवारी २००८ मध्ये १३,००० च्या पुढे गेलेला मुंबई बाजाराचा स्थावर मालमत्ता निर्देशांक मार्च २००९ मध्ये १,५०० च्याही खाली उतरला. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाल्यामुळे जमिनी मोकळ्या होतील या आशेने त्या निर्देशांकाच्या शिखराजवळ खरेदी करणारे अनेक होते. त्या १४ महिन्यांत जमीन खरोखरच कोठे गेली नव्हती. गेले होते ते कर्ज फिरवण्याचे सामर्थ्य, कारण बँकांनी हात आखडते घेतले, फ्लॅटची विक्री मंदावली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये एमार एमजीएफसारख्या मोठ्या कंपनीलाही आपली प्राथमिक भागविक्री मागे घ्यावी लागली. छोट्या कंपन्यांना तर भांडवलाचे दार बंदच झाले.

याच ठिकाणी हक्कांच्या क्रमाचा विचार आवश्यक ठरतो. कंपनी बुडाली तर जमीन भागधारकांत वाटली जाईल, अशी भाबडी अपेक्षा अनेकांच्या मनात असते. वास्तविक २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीची मालमत्ता विकून आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेले धनको आणि कामगारांची ठरावीक देणी, पुढे इतर देणी, अशा क्रमाने वाटप होते आणि सामान्य भागधारक सर्वांत शेवटी येतो. २०१८ मध्ये फ्लॅट घेणाऱ्यांनाही वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला, जे न्याय्यच होते, पण त्यामुळे भागधारकापुढची रांग आणखी लांबली. गृहकर्जाच्या क्षेत्रातील दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीच्या पुनर्गठन योजनेला जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाल्याची बातमी येताच तिच्या शेअरचा भाव वर गेला, आणि त्याच योजनेत जुन्या शेअरचे मूल्य शून्य धरून ते सूचीतून काढण्याची तरतूद होती. ती योजना न वाचता, नवा मालक आला म्हणजे आपले भले होणार, या समजुतीने त्या दिवसांत खरेदी झाली. कंपनी वाचणे आणि भागधारक वाचणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे त्या खरेदीदारांना सांगणारा माणूस त्यांच्या जवळपास असायला हवा होता.

प्रवर्तकांच्या कृतीचा अर्थ लावतानाही अशीच घाई होते. प्रवर्तकांनी स्वतःसाठी वॉरंट घेतले, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क राखला, की तो विश्वासाचा पुरावा मानला जातो. परंतु वॉरंटसाठी सुरुवातीला २५ टक्के रक्कमच भरावी लागते, उरलेली १८ महिन्यांत भरायची असते, आणि भाव पडला तर प्रवर्तक ती २५ टक्के रक्कम सोडून मोकळा होऊ शकतो. याउलट तारण ठेवलेल्या प्रवर्तक-शेअरांकडे दुर्लक्ष होते. सत्यम कॉम्प्युटर्सने डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज व मेटास इन्फ्रा या कंपन्या विकत घेण्याचा ठराव केला, भागधारकांच्या संतापामुळे तो लगेच सोडला आणि जानेवारी २००९ मध्ये हिशेबातील गैरव्यवहार उघड झाला, त्यानंतर सेबीने तारण शेअरांची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले. तेव्हापासून दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात हा आकडा एका रकान्यात मिळतो. छोट्या विकसकाने प्रकल्पाच्या कर्जासाठी जमीन आणि शेअर दोन्ही गहाण टाकलेले असतील, तर भाव पडताच सावकार शेअर विकतो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो, आणि खालच्या सर्किटची मालिका बहुधा अशा विक्रीतूनच सुरू होते.

सुदैवाने पूर्वी कोणाच्याही हाती न लागणारी माहिती आता उपलब्ध आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आणि मे २०१७ पासून काम करू लागलेले महारेरा यांमुळे राज्यातील नोंदणीयोग्य प्रत्येक प्रकल्पाचे पान कोणालाही विनामूल्य पाहता येते. किती सदनिका आहेत, त्यांपैकी किती आरक्षित झाल्या, पूर्णत्वाची मूळ तारीख कोणती होती व आता कोणती आहे, जमिनीवर बोजा आणि दावे कोणते, हे त्यावर असते, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागत असल्याने एका प्रकल्पाचा पैसा दुसरीकडे वळवण्याला आडकाठी येते. हा कायदा घर घेणाऱ्यासाठी केलेला आहे, परंतु एक-दोनच इमारती असलेल्या कंपनीच्या भागधारकाला त्या पानांतून जितके कळते तितके कित्येक शिफारसपत्रांतून कळत नाही. तरीही मुलासाठी फ्लॅट पाहताना महारेरा क्रमांक आवर्जून विचारणारा ग्राहक त्याच विकसकाचा शेअर घेताना तो क्रमांक विचारत नसे. काही कार्यालयांनी भावाच्या पडद्याशेजारच्या संगणकावर ही पाने उघडून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या ग्राहकांनी वहीतील एकरांच्या हिशेबाखाली आणखी दोन रकाने आखले, एक तारीख किती वेळा वाढवून घेतली याचा आणि दुसरा न विकल्या गेलेल्या सदनिकांचा, आणि ते भरून झाल्यावर काहींनी आधी सांगितलेली खरेदी स्वतःहून रद्द केली.